औंदाचं गाऱ्हाणं

चारकोप, कांदिवली पश्चिम
२ ऑगस्ट २०२५

श्वेताताई,

‘प्रिय’ मुद्दामच लिहिलेलं नाही. तुम्ही मला फोनवर ब्लॉक केलंत म्हणून हे पत्र, आणि तेही तुमच्या पतपेढीच्या पत्त्यावर. घरी पाठवलं असतं तर तुमच्या सासूबाईंनी आधी फोडलं असतं. एरवी मी तुम्हाला ‘तू’ म्हणते, आजपासून ‘तुम्ही’. नणंद ती नणंदच, असं आई पाठवणीच्या वेळी म्हणाली होती, तेव्हा मी तिच्याशी भांडले होते.

रविवारी काय झालं ते ऐका. गणपतीचं ठरवायला सगळे आमच्याकडे जमले होते. चंद्रप्रकाशकाका, मालनकाकू, त्यांची मुलं, सुना. मखर कोण आणणार, मोदकांचं काय, असं चाललं होतं. मी चहा घेऊन बाहेर आले, तर तुमच्या आईंनी टीपॉयवर वर्तमानपत्राचा तुकडा पसरला होता आणि त्यावर माझं गोळ्यांचं पाकीट. रोजच्या गोळ्यांचं, अर्धं संपलेलं.

“बघून घेवा सगळ्यांनी,” आई म्हणाल्या, “आमच्या सुनेन घराक कुलूप घातल्यान.”

ट्रे माझ्या हातात तसाच. मालनकाकूंनी तोंडाला पदर लावला. काका पंख्याकडे बघत बसले. निलेश, तुमचा भाऊ, मोबाइलमध्ये. नंतर आईंनी ते पाकीट कागदासकट चुरगळलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मी चहा वाटला. हो, वाटला. माझी मलाच लाज वाटते.

गेल्या वर्षी गणपतीसमोर काकांनी गाऱ्हाणं घातलं, “हिची ओटी भर रे म्हाराजा,” आणि अख्खं घर “व्हय म्हाराजा” म्हणून गरजलं, तेव्हाही मी अशीच उभी होते. सगळ्यांत मोठा आवाज निलेशचा होता. लग्न ठरताना आमच्या जोगेश्वरीच्या घरी, माझ्या वडिलांसमोर, हाच माणूस म्हणाला होता, “तिचं लॉ पूर्ण होऊन सनद हातात येऊ दे, मग मुलाचं बघू.” माझं शेवटचं वर्ष चालू आहे. दिवसा अंधेरीला ऑफिस, संध्याकाळी कॉलेज. मी काही जगावेगळं मागत नव्हते.

तुम्हाला सगळं माहीत होतं. निलेश काही वापरायला तयार नसायचा आणि सकाळी ती बहात्तर तासांवाली गोळी आणून उशाशी ठेवायचा, ॲसिडिटीची गोळी द्यावी तशी. “घेऊन टाक ना यार, विषय संपला.” अडीनडीची गोळी, ती मला दर आठवड्याला. पाळीचा पार बोजवारा उडाला. कधी दोनदा, कधी येतच नाही. जूनमध्ये तुम्हीच मला मुलुंडच्या तुमच्या डॉक्टरबाईंकडे नेलंत. त्या म्हणाल्या, ही आयत्या वेळची गोळी आहे, रोजचा उपाय नव्हे, एक कायमची पद्धत निवड. मी रोजची गोळी निवडली आणि पाकीट पॅडच्या पिशवीत लपवलं. घरात कुणीही हात घालणार नाही अशी ती एकच जागा.

निलेशनेच मला रात्री सांगितलं, “ताईने आईच्या कानावर घातलं. तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?” बरोबर. तुमच्याशिवाय कुणालाच नाही. मी तुम्हाला फोन केला, ‘घरभेदी’ म्हटलं, तर तुम्ही फोन आपटून ब्लॉक!

मग मीही माझं काम केलं. काल तुमच्या सासूबाईंना फोन लावला. म्हटलं, “वनमालाकाकू, श्वेताताईंना मूल व्हावं म्हणून श्रावणी सोमवार धरताय ना? कशाला उपाशी राहता? त्यांनी तांबी बसवून घेतली आहे. दोन वर्षं झाली.”

तुम्ही विश्वासाने सांगितलेलं मी त्यांना दिलं, मी विश्वासाने सांगितलेलं तुम्ही आईंना दिलंत. जशास तसं. आता कसं वाटतं ते बघा.

रुचिरा


मुलुंड पूर्व
७ ऑगस्ट २०२५

रुचिरा,

पत्र मिळालं. पतपेढीत काउंटरवर बसून वाचलं आणि समोरच्या माणसाला दोनदा चुकीचं पासबुक दिलं.

आधी तुझा पराक्रम ऐक. सोमवारी सकाळी माझ्या सासूने साबुदाणा भिजवला नाही. कांदेपोहे केले. एक बशी स्वतःसमोर, एक माझ्यासमोर. “आता कसला उपास,” एवढंच बोलल्या आणि खाऊ लागल्या. त्यानंतर आजपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही. माझं ताट वाढतात, पण ओट्यावर आपटतात. सुबोधला तांबीचं माहीत होतं, आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. पाचव्या महिन्यात माझं गेलं तेव्हा तू लग्न होऊन आली नव्हतीस. तेव्हा ह्याच बाईने दवाखान्यातून आल्या आल्या विचारलं होतं, “मग आता पुढचं कधी?” म्हणून लपवलं. हे मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. शाबास तुझी.

आता तुझं. तू वकील होणार म्हणे. देव त्या अशिलांचं भलं करो.

अगं बये, तू पाकीट कुठे ठेवतेस हे मला कधी सांगितलंच नव्हतंस! पॅडच्या पिशवीत ठेवतेस हे मला परवा तुझ्या पत्रातून कळलं. मग मी आईला काय सांगणार होते, कपाळ? आणि समज, गोळ्या घेतेस एवढं कुणी सांगितलं असतं, तरी माझी आई त्या पिशवीला हात लावेल? मी शाळेत असताना माझी पिशवी कपाटावरून खाली पडली तर ती काठीने सरकवायची. आईचं, रत्नप्रभाबाईंचं सोवळं मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं सोसलंय. त्या पाकिटाखाली वर्तमानपत्र का होतं, याचा विचार केलास? ते कुठून निघालंय हे तिला सांगितलं गेलं होतं, म्हणून. ते तिने काढलं नाही. तिच्या पुढ्यात आणून ठेवलं कुणीतरी.

तुमच्या बेडरूममध्ये तुझ्याशिवाय कोण झोपतं? नाव मी लिहीत नाही. माझा भाऊ आहे तो. तू लिही.

आणि ‘तुम्ही’ म्हणतेस ते राहू दे तसंच. पोह्यांची उधारी माझ्या डोक्यात आहे. सूड घेईन, पण माझ्या वेळेने घेईन.

श्वेता


चारकोप
१४ ऑगस्ट २०२५

श्वेताताई,

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. चार वेळा वाचलं. पिशवीचं तुम्हाला मी सांगितलं नव्हतं हे खरं आहे. वनमालाकाकूंना फोन केला ते चुकलंच. पुढचं काय लिहावं कळत नाही, म्हणून एवढंच.

पण निलेश? तो लेचापेचा आहे, आईसमोर त्याचं मांजर होतं, सगळं कबूल. चोर नाही वाटत हो. मी त्याला सरळ विचारलं. तो रडला. म्हणाला, “ताई आपल्यात आग लावतेय. तिला आपलं सुख बघवत नाही, तिचं गेलं ना, म्हणून.” आणि मला त्रास नको म्हणून त्याने माझ्या फोनमधून तुमचा नंबर ब्लॉक केला. तुमचा ब्लॉक होताच, आता दोन्हीकडून झाला.

शिवाय रविवारपासून तो किती बदललाय तुम्हाला सांगू? स्वतः उठून चहा करतो. गणपतीत माझी पाळी येऊ नये म्हणून आईंनी त्या पुढे ढकलायच्या गोळ्या आणवल्या आहेत. माझ्या तारखांचा काही भरवसा राहिला नाही, म्हणून आतापासूनच सुरू करायला सांगितल्या. मी म्हटलं, या चालू असताना माझ्या रोजच्या गोळ्या घ्यायच्या की नाही? डॉक्टरबाईंना विचारते. तर निलेश म्हणाला, “मी केमिस्टला विचारून आलोय. ह्याच गोळ्यांनी दोन्ही कामं होतात. पाळीच आली नाही तर मूल राहील कुठून? दोन-दोन गोळ्या कशाला पोटात घालतेस?” मला पटलं. त्यामुळे नवं पाकीट आणलेलंच नाही. आईही खूश, भांडणही नाही.

उद्यापासून लागून तीन दिवस सुट्टी आहे. त्याने अलिबागला खोली घेतली आहे. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघंच कुठे जातोय. मला भांडण पुरे झालंय, ताई. तुम्हीही राग सोडा. गणपतीला या.

रुचिरा


अंधेरी, तुझ्या ऑफिसच्या खालचं कँटीन
१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

रुचिरा,

हे पाकीट रिसेप्शनवरची मुलगी तुला मीटिंगमध्ये आणून देईल. मी तिला सांगितलंय, घरात कुणी सिरियस आहे. वाच आणि खाली ये. तुझा फोन लागत नाही, तुझ्या नवऱ्याने बंदोबस्त चोख ठेवलाय.

तुझं पत्र सुट्ट्यांमुळे आज सकाळी पतपेढीत पोहोचलं. वाचून मी मॅनेजरला न विचारता उठले. ऐक. पाळी पुढे ढकलायची गोळी वेगळी आणि मूल न राहण्याची वेगळी. आपल्या कोकणातल्या अर्ध्या बायका हीच चूक करतात. गणपतीसाठी गोळ्या चालू आहेत म्हणजे काही होत नाही, असं धरून चालतात आणि दिवाळीत उलट्या सुरू होतात. माझ्या चुलतबहिणीचा थोरला असाच झालाय. तुझ्या शरीराला सध्या कसलंही कुलूप नाही, आणि तू तीन दिवस अलिबागला होतीस.

मला वाटलं, निलेशही अडाणीपणाने बोलला असेल. म्हणून निघायच्या आधी त्याला फोन केला. लाडात आले. “काय रे, अलिबागहून आलास? आत्या कधी होतेय मी?” बोलका झाला. म्हणाला, “ताई, तू तिच्या बाजूची होतीस म्हणून तुझं नाव पुढे केलं, राग मानू नकोस. केमिस्टने सांगितलं होतं मला, ह्याने काही थांबत नाही म्हणून. मी तिला उलटं सांगितलं. एकदा राहिलं ना, की लॉ-कॉलेज सगळं आपोआप बंद होईल. आईपण शांत. तू फक्त मध्ये पडू नकोस.”

झकास, ना? गोळ्यांचं पाकीटही त्यानेच काढलं होतं. हेही सांगितलं, हसत.

आता खरं सांगते. मुलुंडहून घाटकोपरला येईपर्यंत माझ्या मनात एकच होतं. मला काहीच करायची गरज नाही. पत्र बुधवारी मिळालं असं म्हणायचं. दोन दिवस गप्प बसायचं, बस्स. पोह्यांच्या बशीचा हिशेब व्याजासकट चुकता झाला असता आणि माझ्या हाताला डागही लागला नसता. घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर मी थोडा वेळ उभीही राहिले. मग चढले. तुझ्यासाठी नाही चढले, एवढं लक्षात ठेव. त्या हसण्यासाठी चढले.

डॉक्टरबाईंशी बोलले आहे. गोळीची वेळ निघून चाललीय, तिचा भरवसा कमी. पण पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर तीही अडीनडीचं काम करते आणि पुढची कित्येक वर्षंही बघते. बसवायची की नाही ते तू ठरव, मी तुझा निलेश नाही. मी फक्त तुला त्या दारापर्यंत नेणार. बाहेर रिक्षा थांबवली आहे.

श्वेता


अंधेरी, ऑफिसमधून
२१ ऑगस्ट २०२५

ताई,

‘तुम्ही’ संपलं. रिक्षात तू माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. दवाखान्यातही बाहेर बाकावर मासिक उलटं धरून बसलीस. आत काय झालं ते तुला सांगायचंय, म्हणून लिहितेय. बोलायला गेले तर तू परत मासिक उघडशील.

डॉक्टरबाईंनी आधी तपासणी केली, दिवस गेलेले नाहीत याची खात्री केली. मग समोर बसवून सगळं मांडलं. रोजची गोळी, तीन महिन्यांचं इंजेक्शन, तांबी, निरोध. कशाने काय होतं, कशाने काय होत नाही. तांबीने सुरुवातीचे काही महिने पोट दुखेल, जास्त जाईल. मूल हवं वाटलं की काढता येते. मग म्हणाल्या, “घाई तारखेची आहे, पण निर्णय तुझा. तुझ्या घरात तुला काय जमेल?”

मी म्हटलं, “बाई, माझ्या घरात जे कपाटात ठेवावं लागतं ते चोरीला जातं.”

त्या हसल्या नाहीत. हातमोजे घालू लागल्या.

दुखलं. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. पण उठून बसले तेव्हा मला इतकं बरं वाटलं ताई, की तिथेच ओरडावंसं वाटलं. पाळीच्या त्या गोळ्या त्यांनी बंद करायला लावल्या. म्हणाल्या, दोन-चार दिवसांत पाळी येईल. नाहीच आली तर तीन आठवड्यांनी परत ये, तपासू.

घरी कुणाला काही बोललेले नाही. निलेश रोज सकाळी माझ्याकडे बघून विचारतो, “मळमळतंय का गं?” मायेने विचारतो. त्या मायेसाठी त्याचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. अलिबागला समुद्राकाठी त्याने माझ्या केसांत फूल माळलं होतं. ते फूल आठवलं की मला ओकारी येते. बरोबर ओळखलंन्, मळमळतंच.

मला सूड हवाय. कायदा मला तोंडपाठ आहे, अर्ज अर्धा तासात लिहीन. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू? त्याच्या ऑफिसात जाऊ? तू सांग. तो तुझा भाऊ आहे, त्याला कुठे दुखतं ते तुला माहीत.

रुचिरा


मुलुंड पूर्व
२४ ऑगस्ट २०२५

रुचिरा,

कायदा पळून जात नाही. लागला तर मीच तुझी साक्षीदार. ग्रुपवर टाकशील तर दोन दिवस लोक बोटं चालवतील आणि तिसऱ्या दिवशी तूच वाईट.

त्याला कुठे दुखतं विचारतेस? लहानपणी काच फोडायचा आणि माझं नाव सांगायचा. मार मला. पण एकदा काकांनी सगळ्या वाडीसमोर त्याच्याकडून वदवून घेतलं, तेव्हा त्याला ताप भरला होता. मार चालतो त्याला. आपल्या माणसांत उघडं पडणं चालत नाही. आईसमोर, काकांसमोर, देवासमोर. गेल्या वर्षी तुझी ओटी देवाकडे कुणी मागितली, कशी मागितली, ते आठव. पुढचं तुझं डोकं.

मी येणार नाही. माझ्या सासरीही गणपती आहे, आणि निलेशचं तोंड मला बघवणार नाही.

आता माझा सूड. गौरी जेवतील त्या दिवशी तू मुलुंडला यायचंस. माझ्या सासूच्या समोरच्या पाटावर बसायचंस आणि ती बोलेल ते सगळं, शेवटच्या घासापर्यंत, ऐकून घ्यायचंस. उठायचं नाही, रडायचं नाही. पुरणपोळीला ‘नको’ म्हणायचं नाही. तिचा हात मोकळा आहे वाढायला आणि बोलायलाही. बघ झेपतंय का.

श्वेता


चारकोप
४ सप्टेंबर २०२५

ताई,

तुझा सूड भोगून आले. तू स्वयंपाकघरातून मजा बघत होतीस ते मला दिसत होतं. वनमालाकाकूंनी मला काय काय ऐकवलं ते तू ऐकलंसच. त्या सहावी पोळी वाढत असताना मी त्यांना म्हटलं, “काकू, चूक माझी आहे, पण पाचव्या महिन्यात ताईचं गेलं तेव्हा तुम्ही जे विचारलंत ते ती अजून विसरलेली नाही.” त्या वाटीतलं तूप पोळीवर ओतत राहिल्या, ताटाबाहेर गेलं तरी. संध्याकाळी तुझ्याशी बोलल्या का, ते मला कळव. नसतील बोलल्या तर मी पुन्हा जेवायला येते.

आता चतुर्थीचं. तुला सगळ्यांकडून कळलं असेलच, पण माझ्याकडून ऐक.

आदल्या दिवशी, डॉक्टरबाईंनी सांगितल्यापेक्षा उशिरा, मला पाळी आली. बाथरूममध्ये बसून मी देवाला हात जोडले. मग बाहेर येऊन आईंना सरळ सांगितलं. त्यांनी हातातला नारळ खाली ठेवला. “गोळये खाल्लंस ना?” म्हटलं, “बंद केल्या.” “कोणाक इचारून?” म्हटलं, “डॉक्टरांना.” निलेश दारात उभा होता. त्याचा चेहरा असा पडला, जसं त्याचं कुणी गेलंय.

झालं, मला बाजूला बसवलं. हॉलच्या बाहेर, पॅसेजमध्ये, चटईवर. देवाकडे यायचं नाही, कशाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी गणपती बसला, पूजा झाली, आरती झाली. घर माणसांनी गच्च. काकांनी नारळ पुढे ठेवला आणि गाऱ्हाण्याला उभे राहिले. त्यांचा आवाज बसलेला, खोकला लागलेला. आईंनी त्यांना बाजूला घेऊन कानात काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं, औंदाही माझंच नाव येणार.

काका “बा देवा म्हाराजा” म्हणाले आणि खोकल्याने वाकले. मी चटईवरून उभी राहिले. म्हटलं, “काकानूं, तुमी पाणी पिया. औंदा मी घालतंय.”

सगळे वळले. आई म्हणाल्या, “तू? आज?” मी म्हटलं, “मी मूर्तीक हात लावणंय नाय, आई. हयसूनच बोलतंय. देवाक ऐकाक येता.” काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मग म्हणाले, “बोलांदे तिका.” माझ्या आजीचा गळा आहे गं माझा, वेंगुर्ल्याचा. घातलं मी.

“बा देवा गणपती म्हाराजा, आज ह्या चारकोपच्या घरात तुझी लेकरा जमली हत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे.

“वाडवडलांपासून तुझी सेवा चलता, ती अशीच चलांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आणखी मोठ्याने. पोरंसोरंही.

“जो कोण बायलेच्या कपाटात हात घालून तिच्यो गोळये चोरता, आणि आपल्या सख्ख्या भयणीचा नाव सांगता, तेची जीभ ठिकाणार आण रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

ताई, सवय म्हणजे काय असते! अर्ध्या माणसांनी पूर्ण ऐकलंच नव्हतं. आईंनीही म्हटलं, हात जोडून, डोळे मिटून. मग त्यांचे डोळे उघडले. पण मी थांबले नाही.

“जो कोण पाळयेची गोळी हातात देवन ‘ह्येना पोर रवणा नाय’ असा खोटा सांगता, आणि बायलेक फसवून तिची ओटी भरूक बघता, तेका बापूस होवच्या आधी माणूस कर रे म्हाराजा!”

ह्या वेळी “व्हय म्हाराजा” एकट्यानेच म्हटलं. निलेशने. तोंडातून निघूनच गेलं त्याच्या, लहानपणापासूनची सवय. सगळं घर गप्प आणि त्याचा एकट्याचा आवाज. मग सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मालनकाकूंनी पदर तोंडाला लावायच्या ऐवजी कमरेला खोचला. काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, “निलग्या, खरा हा ह्या?” तो मखराकडे बघत राहिला. “देवाकडे बघू नको, माझ्याकडे बघ. पाकीट कोणी काढल्यान? श्वेतान सांगल्यान म्हणालंस ना माका?”

“मी काढलं,” म्हणाला. एवढ्या हळू, की काकांनी परत बोलायला लावलं. दोनदा.

मला आनंद झाला. उगाच मोठेपणा कशाला, खूप आनंद झाला. प्रसाद वाटताना आईंनी पहिला मोदक चटईवर आणून ठेवला, लांबूनच, पण पहिला. तेवढ्यावर मी विरघळणार नाही. मी तो खाल्ला मात्र.

निलेशची गादी आता हॉलमध्ये आहे, गणपती बसला होता त्या जागी. पुढचं मी अजून ठरवलेलं नाही. परीक्षा होऊ दे, मग माझ्या डोक्याने ठरवीन, राहायचं की जायचं. तोपर्यंत तो रोज विचारतो, “बोल ना काहीतरी.” मी बोलत नाही. तांबीचं तर नाहीच.

आणि आज सकाळची गोष्ट. मला वाटलं तो ऑफिसला गेला. मी चहाचा कप घेऊन खोलीत आले, तर कपाट उघडं. पॅडची पिशवी पलंगावर उपडी केलेली, माझी पुस्तकं खाली, साड्यांच्या घड्या विसकटलेल्या, आणि हा माणूस गुडघ्यांवर बसून गोळ्या शोधतोय. मला बघून जागच्या जागी थिजला.

मी दाराला टेकून चहाचा एक घोट घेतला आणि बऱ्याच दिवसांनी त्याच्याशी बोलले.

“खालचा कप्पा राहिला.”

तुझी,
रुचिरा